मासेथांबच्या वर

त्या संध्याकाळी मला फुमिए आत्याला फोन करायचा होता, आणि तिला काय सांगायचे ते सकाळी घरातून निघतानाही मला ठाऊक नव्हते.

तिने मागितले होते ते फार नव्हते. बाबा फेब्रुवारीत, बर्फ छपरांवरून उतरायच्या आधीच गेले. तेव्हापासून त्यांच्या अस्थींचा कलश पांढऱ्या कापडात गुंडाळून आमच्या बैठकीच्या कोनाड्यात, बुद्धापुढे ठेवलेला होता. ऑगस्टमध्ये पितरांच्या दिवसांत तो आमच्या घराण्याच्या थडग्यात जायचा होता. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपल्यावर आत्या मला पडवीत घेऊन गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अर्ध्या आमच्याकडे देशील का रे? जन्मला तिथंही त्याचं काहीतरी असावं." अस्थी अशा वाटून घेण्याची रीत आमच्याकडे आहे; तिच्या मागण्यात वावगे काही नव्हते. मी आईकडे पाहिले. आई म्हणाली, "तू ठरव. मी याच घरात जन्मले, याच घरात म्हातारी झाले. मला यातलं काय कळणार?"

बाबा आमच्या घरी घरजावई म्हणून आले होते. डोंगरापलीकडच्या ओकुमिझो गावचे. लग्नात त्यांनी आपले आडनाव सोडून आमचे घेतले. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, जुन्या वळणाचे. लग्न आणि मयत सोडून ओकुमिझोच्या घरी जायचे नाही, असे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले, आणि बाबांनी मान डोलावली. पुढे आजोबा वारले, पण डोलावलेली मान तशीच राहिली. बाबा तिकडचे नावही काढीत नसत. त्सुगेहारात, आमच्या गावात, ते चाळीसेक वर्षे राहिले, पण गाव त्यांना शेवटपर्यंत 'पलीकडचे सादानोरी' असेच म्हणत होते. अर्ध्या अस्थी देऊन टाकणे म्हणजे गावाचेच म्हणणे खरे मानणे, असे मला एका रात्री वाटे. न देणे म्हणजे आजोबांचा हुकूम मेलेल्या माणसावरही चालवणे, असे दुसऱ्या रात्री. बाबा मुळात कुठले होते, हे मला कळायला हवे होते, आणि ते विचारावे असे माणूस उरले नव्हते.

उरले होते एक वाक्य. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, खिडकीतून बर्फाकडे पाहता पाहता बाबा म्हणाले होते, "मासेथांबच्या वर पाणी बरं असेल का यंदा?"

मी "असेल" म्हणालो. त्यांना ते पुरेसे वाटले असावे, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. मला मात्र ते वाक्य त्या दिवसापासून पुरेना.

मासेथांब हा आमच्या काझेदानी ओढ्यावरचा धबधबा. डोंगरातल्या बहुतेक ओढ्यांवर असा एखादा असतोच. खालून चढत जाणारे मासे त्याच्या पायाशी थांबतात, त्यापुढे त्यांना उडी घेता येत नाही. म्हणून आमच्याकडचा मासेमारही तिथेच थांबतो. दोरी काठीला गुंडाळतो, घोटभर साके, म्हणजे तांदळाची दारू, कातळावर ओततो, आणि माघारी फिरतो. वर मासा नाही हे सांगायला कुणाला वर जावे लागत नाही. धबधब्याचे नावच ते सांगते.

मग मासा नसलेल्या पाण्याची चौकशी बाबा का करीत होते?

*

गेन्ता आणि माकिए पुलापाशी वाट पाहत होते. आम्ही तिघे एकाच शाळेचे. गेन्ता लाकूड-गिरणीत करवतीवर असतो, माकिए टपालाची गाडी चालवते, आणि मी गावातल्या लाखकामाच्या कारखान्यात तबकांना रोगण चढवतो. मे महिना सरत आला होता. रानवेलींची जांभळी फुले पाण्यावर पडून वाहत होती आणि वसंतातल्या किड्यांची किरकिर झाडांच्या शेंड्यांवर सुरू झाली होती.

"आला आपला इओरी," गेन्ता म्हणाला. "तोंड बघ त्याचं. मासे धरायला आलाय की सांत्वनाला?"

"तुझ्या काठीच्या सांत्वनाला," माकिए म्हणाली. "मागच्या वेळी दोनदा मोडलीस."

"एकदाच. दुसऱ्यांदा ती आपणहून मोडली."

आम्ही कमरेच्या घंटा सैल केल्या, म्हणजे अस्वलांना आमची चाहूल लागावी, आणि ओढ्यात उतरलो. तेंकारा हा आमच्या डोंगराचा प्रकार. एक लवचिक काठी, तिच्या टोकाला बांधलेली काठीहून जराशी लांब दोरी, आणि दोरीच्या शेवटी कोंबड्याचे पीस गुंडाळलेला एक गळ. पीस पाण्यावरच्या माशीसारखे दिसते. निदान माशांना तसे वाटावे अशी आशा असते. ना दोरी सोडणारे चाक, ना आमिष. हात जितका पोहोचतो, तितकेच पाणी आपले.

आणखी एक रीत आहे. ओढा नेहमी खालून वर चढत धरायचा, कारण मासे प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड करून असतात आणि मागून येणारा त्यांना दिसत नाही. सर्वांत पुढे असेल त्याला न चाळवलेले पाणी मिळते. एक मासा धरला किंवा एक सुटला, की त्याने मागे जायचे आणि दुसऱ्याने पुढे. मला मागेच राहायला आवडते. दोघांनी चाळवून सोडलेल्या पाण्यात गळ टाकला की मासा फारसा लागत नाही, आणि न लागल्याचे कुणाला सांगावेही लागत नाही.

पहिल्या डोहातच माकिएने एक इवाना धरला. हा थंड पाण्यातला मासा, ट्राउटच्या कुळातला. तिने तो ओल्या तळव्यात धरून आम्हाला दाखवला: गडद पाठ, कुशीवर नारिंगी ठिपके, पोटाला हळदीचा रंग. आमच्या खोऱ्यातला इवाना असाच असतो. पाठीवर पांढरा ठिपका एकही नाही. डोंगरापलीकडच्या ओढ्यांतला वेगळा. त्याच्या पाठभर पांढरे कण विखुरलेले असतात, तांदूळ सांडल्यासारखे. लहानपणापासून हे आम्हाला इतके पाठ असते की मासा पाहताच त्याचे पाणी कळते.

"तुझ्या बाबांना एकदा विचारलं होतं मी," माकिए मासा सोडताना म्हणाली. "पत्र द्यायला मी तुमच्या दारी आले होते तेव्हा. काका, आज काय मिळालं? तर म्हणाले, भूक मिळाली."

"करंडी नेहमी सुकी असायची त्यांची," गेन्ता म्हणाला, आणि माझ्याकडे पाहून जरा थांबला. "म्हणजे, गावात म्हणायचे तसं."

"म्हणू दे," मी म्हणालो. "सुकीच असायची."

आणि तेच तर कोडे होते. बाबा वर्षातून एक-दोनदा काठी घेऊन काझेदानीला जात, पहाटे निघून दिवेलागणीला येत, आणि रिकामे येत. गाव हसे. 'पलीकडच्याला आपल्या पाण्याचा हात बसला नाही,' म्हणे. पण उन्हाळ्यात घरामागच्या ओहोळावर मी त्यांना पाहिले होते. मनगट हलले न हलले तोच पीस दगडाआडच्या वीतभर पाण्यावर, भुईवर कापूस पडावा तसे उतरे. असा हात असलेला माणूस दिवसभर ओढ्यावर राहून रिकामा येत नाही. यायचे ठरवले तरच येतो.

*

ऊन डोक्यावर यायच्या आत आम्ही मासेथांबला पोहोचलो. गेन्ताने दोन धरले होते आणि एक निसटला होता. सुटलेला अर्थातच तिन्हींत मोठा होता. मी एकदाही पुढे गेलो नव्हतो. धबधब्याच्या तुषारांपासून जरा दूर, कोरड्या दगडांवर आम्ही स्टोव्ह पेटवला. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, पाण्यात माकिएने वाटेत खुडलेले नेचे टाकले. घरून आणलेले भाताचे गोळे होते, लोणच्याचा मुळा होता.

गेन्ताने सवयीप्रमाणे दोरी गुंडाळायला घेतली आणि साकेची कुपी काढली.

"थांब," मी म्हणालो. "मला वर जायचंय."

"वर कुठे?"

"धबधब्याच्या वर."

"मासे काय झाडावर आहेत तिकडे?" गेन्ताने कुपी उघडून एक घोट स्वतःच घेतला. "माझे आजोबा, त्यांचे आजोबा, सगळे इथूनच फिरले."

"त्यातलं कुणी वर गेलं होतं?"

"कशाला जातील? मासे नाहीत तर."

"आणि मासे नाहीत हे कुणी पाहिलं?"

गेन्ताने कुपीला बूच लावले. माकिए हसू लागली. "म्हणजे इतकी वर्षं या धबधब्यानं मासे नाही, माणसंच थांबवली," ती म्हणाली.

मी त्यांना दवाखान्यातले वाक्य सांगितले. अस्थींचे आणि फोनचेही सांगितले. मी एका दमात एवढे क्वचितच बोलतो. बोलून झाल्यावर मी भांडे घासायला पाण्याकडे गेलो, म्हणजे कुणाला माझ्याकडे पाहायला नको. परत आलो तेव्हा गेन्ता बुटांचे बंद आवळत होता.

"उजवीकडून चढू," तो म्हणाला. "डावीकडचा कातळ सुटा आहे. आणि वर काही नसेल, तर परतताना माझी काठी तू उचलायची."

मुळांना धरून, झुडपांना लोंबकळत आम्ही धबधब्याला वळसा घातला. अर्ध्या चढावर माझ्या हाताला एक गोष्ट लागली. मुळांमध्ये पायऱ्यांसारख्या खाचा होत्या, कडा झिजून गोल झालेल्या, वर शेवाळ. हरणांच्या वाटेवर अशा खाचा नसतात. मी काही बोललो नाही, पण मागून येणाऱ्या माकिएनेही त्यांवर पाय ठेवण्याआधी बोट फिरवलेले मी पाहिले.

*

वरचे पाणी वेगळेच होते. धबधब्याखालचा काझेदानी उतावळा, दगडांवर आपटत जाणारा. इथे तो सपाट रानातून संथ वळणे घेत चालला होता, आणि एकेक वळणाखाली काळसर, स्वच्छ डोह होता.

आणि तिथेच आम्ही चूक केली. मासा नाही या खात्रीने आम्ही गावच्या रस्त्यावर चालतो तसे काठाने ताठ उभे, गप्पा मारत निघालो. गेन्ता तर सरळ डोहात उतरला आणि पलीकडे चालत गेला. तो मध्यावर असताना त्याच्या पायांपुढून काहीतरी काळे, लांबट, झपकन वरच्या दगडाखाली गेले.

"पान होतं," गेन्ता म्हणाला.

"पान प्रवाहाच्या उलट जातं का?" माकिएने विचारले.

गेन्ता पाण्यात तसाच उभा राहिला, एक पाय उचललेला, बगळ्यासारखा. मग अतिशय हळू, पाऊल न वाजवता मागे आला आणि काठावर गुडघे टेकून बसला. वाट चुकून देवळात बुटांसह शिरलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला होता.

त्यापुढे आम्ही रांगतच गेलो. घंटा मुठीत दाबून धरल्या. वरच्या वळणाला झाडाची मुळे पाण्यावर झुकलेली होती, आणि तिथे पाण्यावर एक वर्तुळ उमटले, विरले, पुन्हा उमटले. 

"जा पुढे," गेन्ता कुजबुजला.

"तुझी पाळी आहे."

"माझी पाळी मी तुला दिली. पुन्हा कधी मागणार नाही असं मात्र समजू नकोस."

"मला जमणार नाही. तू—"

"इओरी," माकिए म्हणाली, "तू पुढे हो, नाहीतर मी तुला पाण्यात ढकलीन. मग मासाही जाईल आणि तूही."

मी गुडघ्यांवर पुढे सरकलो. काठी मागे नेली, पुढे आणली, आणि पीस मुळांपासून हातभर वर पडले. दोरी पाण्याला लागू न देता मी काठीचे टोक पिसासोबत नेत राहिलो. पहिल्या खेपेस काही नाही. दुसऱ्या खेपेस पीस मुळांच्या सावलीत शिरले आणि जरासे थबकले. इवाना घाई करीत नाही. तोही आपल्यासारखा विचार करतो, बाबा म्हणायचे, फक्त तो शेवटी ठरवतो. मी श्वास धरून मनगट उचलले, आणि काठी वाकली.

माझ्याने तो लवकर वर आणवेना. माकिएने जाळे पुढे केले. जाळ्यात पाणी होते आणि पाण्यात तो होता. लांबी माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत, पाठ राखाडी-हिरवी. आणि मानेपासून शेपटीपर्यंत पाठभर पांढरे कण.

 वर किडे किरकिरत होते. गेन्ताने टोपी काढली, आणि काढल्यावर ती कुठे ठेवावी हे न सुचून पुन्हा घातली.

"हा पलीकडचा," अखेर तो म्हणाला. "हा आपल्या ओढ्याचा नाहीच. इथं आला कसा?"

"आला नाही," माकिए म्हणाली. "आणला."

*

मासा आम्ही सोडला. पुढच्या वळणावर गेन्ताने आणखी एक धरला, तोही तसाच. मग आम्ही काठावर बसलो आणि, मोठी माणसे क्वचितच बोलतात तशा गंभीरपणे, जिवंत मासा डोंगरावरून कसा न्यावा याविषयी बोलू लागलो.

"रॉकेलचा रिकामा डबा," गेन्ता म्हणाला. "पाठीला बांधून."

"पाणी कोमट होईल. तासाभरात मरतील."

"थंडीच्या तोंडावर न्यायचे. शरदात, मोसम संपताना. आणि वाटेत झरा लागला की पाणी बदलायचं."

"लहान न्यायचे," माकिए म्हणाली. "बोटाएवढे. मोठ्याला हवा जास्त लागते."

"ओल्या शेवाळात गुंडाळलेला इवाना केवढा वेळ टिकतो माहितीये? माझ्या करंडीतला एक घरी येऊन ताटलीतून उडाला होता. बायको अजून मासा चिरायला घेत नाही."

"तुझ्या बायकोला निमित्त हवं होतं."

मी ऐकत होतो, पण माझे मन दुसरीकडे होते. मासे नेण्यासाठी वाट हवी. ओकुमिझो आमच्यापासून किती दूर, हे मला चांगले ठाऊक होते: खोऱ्यातून खाली, शहराला वळसा, बोगदा, पुन्हा दुसऱ्या खोऱ्यातून वर. गाडीने अर्धा दिवस. आत्या विधींना आली तेव्हा तिला रात्री मुक्काम करावा लागला होता. एवढ्या लांबून कुणी डबा पाठीवर घेऊन येत नाही.

"त्या तिकडे झाडं विरळ झालीयेत, ते काय?" मी विचारले.

माकिएने डोळ्यांवर हात धरला. ओढा जिकडून येत होता तिकडे, रानाच्या वर, डोंगराच्या धारेत एक खाच दिसत होती. गवताची, उजळ, आणि अगदी जवळ. मोठ्याने हाक मारली तर पोहोचेल इतकी.

"ओकुमिझोची खिंड," ती म्हणाली. "पलीकडून पाहिलीये मी. टपालाच्या बदलीवर असताना. तिच्या पायाशीच गाव आहे."

"शक्यच नाही," गेन्ता म्हणाला. "ओकुमिझो केवढं लांब."

"रस्त्यानं लांब."

तिघेही खाचेकडे पाहत राहिलो. गेन्ताने मनातल्या मनात चढ मोजला आणि म्हणाला, "सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला तिथं. आणि दिवेलागणीला परत."

दिवेलागणीला परत, रिकाम्या करंडीने. तेव्हा मला सगळे एकदम दिसले असे नाही. धुके उतरावे तसे, आधी जवळचे झाड, मग मागचे, मग डोंगर, असे दिसत गेले. बाबा काझेदानीला मासे धरायला जातच नव्हते. काठी दाराशी सगळ्यांना दिसावी म्हणून होती.

आणि त्याबरोबर जे दुखले तेही लिहायला हवे. चाळीस वर्षे आमच्या ताटात जेवून, आमचे आडनाव सांगून, ते मनाने पलीकडेच राहिले होते तर. आमच्या डोंगरात त्यांनी आपल्या पाण्याचे मासे आणून सोडले, म्हणजे कुठेतरी आपले कुणी असावे. माझ्या असण्याने ती जागा भरली नव्हती.

मी हे अर्धवट बोललो असेन, कारण गेन्ता म्हणाला, "आठवण यायची त्यांना. येणारच. म्हणून आणले."

"किंवा इथंच राहायचं होतं म्हणून आणले," माकिए म्हणाली. "ज्याला परत जायचंय तो बिऱ्हाड कशाला वसवील?"

"मासा म्हणजे बिऱ्हाड?"

"तू गप्प बस. तुझा मासा ताटलीतून उडतो."

दोघेही बरोबर वाटत होते, आणि त्यामुळे मला काहीच कळत नव्हते. मी ओढ्याच्या उथळ कडेला जाऊन बसलो. वाळूवर, घोट्याइतक्या पाण्यात, पिल्लांचा थवा होता. माझी सावली पडताच तो फुटला आणि दूर जाऊन पुन्हा जुळला. ही पिल्ले ना पलीकडची, ना खालची. त्यांना धबधबा ठाऊक नव्हता, खिंड ठाऊक नव्हती. त्यांच्यापुरते हेच पाणी होते आणि ते बरे होते, हे मला आता पाहून सांगता आले असते. फक्त विचारणारा उरला नव्हता.

निघताना गावात हे सांगायचे नाही, असे ठरले. ठरले म्हणजे गेन्ता म्हणाला, "वर काय, झाडं आहेत," आणि माकिए म्हणाली, "हो, आणि डास." मासेथांबच्या पायाशी उतरल्यावर गेन्ताने उरलेली साके कातळावर ओतली, आणि गुंडाळलेली काठी स्वतःच खांद्यावर घेतली.

*

आई स्वयंपाकघरात मुळा किसत होती. मी बैठकीत बसून फोन लावला. आत्याने तो लगेच उचलला. जवळच बसून असावी.

"आत्या, मी इओरी. अस्थींचं बोलायच्या आधी एक विचारू?"

"विचार की."

"बाबा तुमच्याकडे येत होते का?"

 ती म्हणाली, "दरवर्षी यायचा. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून. कधी दोनदा. बूट काढायचा नाही, पडवीच्या कडेला बसायचा. चहा घ्यायचा, आई होती तोवर तिच्याशी दोन शब्द बोलायचा, आणि उन्हं कलायच्या आत निघायचा. सांगू नकोस म्हणायचा, म्हणून नाही सांगितलं. आता सांगितलं तर चालेल, नाही का?"

"बूट का नाही काढायचे?"

"घरात आलो नाही, असं म्हणता यावं म्हणून. शब्द दिला होता ना त्यानं तुझ्या आजोबांना. घरात नाही जाणार. पडवी काही घर नव्हे, म्हणायचा."

मला हसू आले, आणि डोळ्यांतही पाणी आले.

"आणि मासे?" मी विचारले. "तुमच्या ओढ्यातले मासे न्यायचे का ते?"

"अगं बाई, ते तुला कुठून कळलं? न्यायचा, सुरुवातीला दोन-तीन वर्षं. आई चिडायची, घरातला डबा नेतो म्हणून. मी विचारलं, तिकडं काय मासे नाहीत? तर म्हणाला, वर एवढं चांगलं पाणी आहे आणि त्यात कुणीच नाही. एवढंच. तो कुठं जास्त बोलायचा?"

त्यात कुणीच नाही. मी ते मनात उलटसुलट करून पाहिले. त्यात पलीकडची आठवण नव्हती आणि अलीकडची तक्रारही नव्हती. एक माणूस एका वाटेने येत-जात होता आणि वाटेत त्याला रिकामे पाणी दिसले.

"आत्या," मी म्हणालो, "अर्ध्या अस्थी मी आणून देईन. ऑगस्टच्या आधी. गाडीनं नाही, खिंडीतून."

"चालत?"

"हो."

तिने नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मग मीठ बरोबर घे. आमच्या बाजूला जळवा फार. आणि बूट काढावे लागतील तुला. तू काही शब्द दिलेला नाहीस."

फोन ठेवला तेव्हा किसणीचा आवाज थांबलेला होता. आई दारात उभी होती, हात कमरेला बांधलेल्या फडक्यात गुंडाळून. तिने सगळे ऐकले होते, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते.

"तुला माहीत होतं?" मी विचारले.

"त्यांचे मोजे कोरडे असायचे," ती म्हणाली. "दिवसभर ओढ्यात उभ्या राहिलेल्या माणसाचे मोजे कोरडे कसे असतील? धुणारी मीच ना."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं. आणि सांगितलं असतं तर जाणं सोडलं असतं. तसे होते ते."

ती कोनाड्यापाशी गेली, कलशावरच्या कापडाची गाठ थोडी सरळ केली, आणि पाठमोरीच उभी राहिली. त्या घरी ती एकदाही गेली नव्हती. तिलाही कुणी बोलावले नव्हते आणि तिनेही कधी निघायचे म्हटले नव्हते.

"चढ फार आहे का रे त्या खिंडीला?" तिने विचारले. "म्हणजे माझ्यासारखीला."

मला सांगता येईना. आम्ही पाण्यापर्यंतच गेलो होतो.